सोलापूरच्या फ्लॅटमध्ये खिडकीतली कोथिंबीर, पुदिना आणि पानओवा: पहिल्या कुंडीपासून पहिल्या काढणीपर्यंत

सोलापुरात घरात कुंडी लावायची हुक्की बहुतेकांना एप्रिल-मेमध्ये येते. तेव्हा मंडईत कोथिंबिरीची जुडी महागते, सकाळी आणलेली संध्याकाळपर्यंत मान टाकते आणि ताकाला, चटणीला पुदिना रोज लागतो. पण कोथिंबीर पेरायला नेमका हाच काळ सगळ्यात वाईट. मीही पहिल्यांदा पेरली ती गुढीपाडव्यानंतर, पश्चिमेकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. उगवली, बोटभर वाढली आणि आठवड्याभरात काचेकडच्या बाजूने करपत गेली. बी चांगलं होतं, पाणीही वेळेवर दिलं होतं. महिना चुकला होता आणि खिडकी चुकली होती. म्हणून बियांकडे वळण्याआधी खिडकीबद्दल सांगतो.

आधी खिडकी ओळखा

सोलापूर साधारण 17.7 उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे माहीत असणं फार उपयोगाचं आहे. दक्षिणेच्या ज्या खिडकीतून डिसेंबरात ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत येतं, त्याच खिडकीत जूनमध्ये थेट ऊन जवळजवळ नसतं. उत्तरेच्या खिडकीचं उलट: थंडीत नुसता उजेड, आणि मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन. त्यामुळे वर्षभर कुंडी एकाच जागी राहील असं धरून चालू नका. माझ्या कुंड्या वर्षातून तीनदा जागा बदलतात.

पूर्वेची खिडकी असेल तर नशीबवान आहात. सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन, मग दिवसभर उजेड; कोथिंबीर, पुदिना, मेथी सगळं तिथे येतं. पश्चिमेची खिडकी ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून मात्र तीच खिडकी भट्टी होते, कारण दुपारी तीननंतरचं ऊन काचेतून आत येतं आणि काच, ग्रील, भिंत सगळंच तापतं. तिथे पांढरा सुती पडदा लावा किंवा बाहेरून पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, आणि कुंड्या काचेपासून हातभर आत घ्या.

उजेड पुरेसा आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवा. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीत बोटं वेगवेगळी, स्वच्छ दिसली तर तिथे काहीही लावा. सावली आहे पण बोटं एकमेकांत मिसळलेली दिसतात, तर पुदिना आणि पानओवा तग धरतील, कोथिंबीर मात्र लांबट आणि फिकट होईल. सावलीच पडत नसेल तर तिथे झाड लावू नका, किंवा दिवा लावा. वीस वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब, खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेली, पानांच्या वर वीतभर ते दीड वीत अंतरावर टांगायची आणि रोज बारा तास चालू ठेवायची. दिवसाला पाव युनिटपेक्षा थोडी कमी, महिन्याला सातेक युनिट वीज लागते. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे विकले जातात, नवख्याने त्यांच्या मागे लागू नये.

पहिल्यांदा तीनच

नर्सरीत गेलं की हात थांबत नाही हे मला माहीत आहे. तरीही पहिल्या वर्षी तीनच कुंड्या लावा: पानओवा, पुदिना, आणि दसऱ्यानंतर कोथिंबीर. पानओवा शिकवतो की पाणी कमी द्यावं. पुदिना शिकवतो की छाटल्याने झाड वाढतं. कोथिंबीर महिन्याचं भान शिकवते. या तिघांकडून हे आलं की बाकीचं सोपं आहे.

माती: शेतातली काळी आणू नका

आपल्याकडे कुणाचं ना कुणाचं गावाकडे शेत असतं, आणि "आपलीच काळी माती आणतो पोतंभर" असं कुणीतरी म्हणतंच. ज्वारीला ती सोनं आहे. कुंडीत मात्र ती ओली झाली की फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मूळ कोरडंच राहतं. हवीच असेल तर एकूण मिश्रणात एक दशांशाच्या वर घालू नका.

माझं मिश्रण मापाच्या घमेल्याने असं: चार घमेली भिजवलेलं कोकोपीट, तीन घमेली गांडूळखत, दोन घमेली लाल माती, एक घमेलं जाड वाळू, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट भिजून साधारण आठ-नऊ लिटर होते, म्हणजे दोन-तीन मध्यम कुंड्यांना ती पुरते. वीट भिजवल्यावर पहिलं पाणी पिळून फेकून द्या, पुन्हा एकदा भिजवून पुन्हा पिळा. कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि कोवळ्या रोपांना ते सोसत नाहीत. मिश्रण मुठीत दाबून बघा: गोळा व्हावा, आणि बोटाने टोचलं की फुटावा. पाणी गळलं तर वाळू वाढवा.

कुंडीचं भोक तपासा. दुकानातल्या बऱ्याच प्लॅस्टिक कुंड्यांची भोकं बुजलेलीच असतात; तापवलेल्या सळईने पाडून घ्या आणि आतून खापरीचा तुकडा ठेवा. कोथिंबीर आणि पुदिन्याला फिकट रंगाची प्लॅस्टिकची कुंडी बरी. मातीची कुंडी दिसायला सुंदर, पण आपल्या कोरड्या हवेत ती चारी बाजूंनी पाणी सोडते. पानओव्याला मात्र मातीचीच द्या, त्याला तेच आवडतं. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हाच्या खिडकीत नको, मुळं शिजतात.

पाणी, आणि पाण्यातला खार

घरातली झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. बाहेर चाळीसच्या वर तापमान आहे म्हणून आपण जीव कळवळून दिवसातून दोनदा पाणी घालतो, पण खोलीतल्या कुंडीला ना तेवढं ऊन असतं ना वारा. त्यामुळे वेळापत्रकाने पाणी घालू नका, कुंडीला विचारून घाला. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर राहू द्या. दुसरी खूण वजनाची: पाणी घातल्यावर कुंडी एकदा दोन्ही हातांनी उचलून बघा, दोन दिवसांनी पुन्हा उचला. चार-पाच वेळा केलं की हाताला कळायला लागतं. मी आता चहा ठेवता ठेवता कुंडीची कड नुसती उचलतो, तेवढ्यावर समजतं.

द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं अर्ध्या तासाने ओतून टाका.

आता आपल्या शहराची खरी अडचण. नळाला रोज पाणी येत नाही, आणि मधल्या दिवसांत सोसायटीत बोअरचं पाणी चालतं. ते जड असतं. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच हळूहळू कुंडीतही साठतो. मातीवर पांढरी पापडी दिसायला लागली आणि पानांची टोकं तपकिरी होऊन वाळू लागली की रोग समजून औषध मारू नका, तो खार आहे. उपाय साधा: वरची अर्धा इंच माती खरवडून काढा, आणि महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीत ठेवून, कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून निथळू द्या. क्षार धुऊन जातात.

रोजच्यासाठी तांदूळ-डाळ धुतलेलं पहिलं पाणी चांगलं, फक्त ते त्याच दिवशी वापरा आणि मिठाचं काही त्यात नको. एसीच्या नळीतून पडणारं पाणी तर जवळजवळ क्षाररहित असतं. बादली लावून ते जरूर धरा. दोन पाणी मात्र कुंडीत कधीही घालू नका. एक, आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी: फिल्टरने काढलेला सगळा क्षार त्यातच असतो. दुसरं, कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं. उन्हाळाभर पाण्याची वाफ होऊन गेलेली असते आणि क्षार मागे राहून दाट होत गेलेले असतात. टाकी धुताना ते पाणी वाया जाऊ नये असं वाटतं, मलाही वाटायचं, आणि त्यानेच माझा पुदिना एका जूनमध्ये गेला.

कोथिंबीर: सगळ्यात जास्त लक्ष हिलाच

कोथिंबिरीला वीस ते पंचवीस अंश मानवतं. तीसच्या वर सतत गेलं की ती पानं सोडून फुलोऱ्याच्या मागे लागते. सोलापुरात हा हिशोब दसऱ्याच्या आसपास जुळतो आणि जानेवारीच्या अखेरीस संपतो. पहिली पेरणी दसऱ्याला, मग दर पंधरा दिवसांनी एक ट्रे, आणि शेवटची पेरणी जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा. असं केलं की नोव्हेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत घरातली कोथिंबीर तुटत नाही. सगळे ट्रे एकाच दिवशी पेरू नका. सगळी एकदम येते आणि एकदम संपते.

किराणातले धणे चालतात, पण जुने असतील तर उगवत नाहीत. वीस धणे ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवा, फडकं सुकू देऊ नका, दहा दिवसांनी मोजा. दहापेक्षा कमी धण्यांना मोड आले तर ते धणे मसाल्याला ठेवा आणि दुसरे आणा.

आपण ज्याला एक धणा म्हणतो त्यात दोन बिया असतात. ते दोन भाग वेगळे करायचे. पोळपाटावर मूठभर धणे पसरा आणि त्यावरून लाटणं हलक्या हाताने, पोळीला शेवटचं फिरवतो तसं, एकदाच फिरवा. बारीक टक्-टक् आवाज येतो आणि प्रत्येक धणा उघडून दोन वाट्या होतात. आवाज करकर येऊ लागला तर जोर जास्त झाला, बिया चिरडल्या. हे धणे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात दिवसभर बांधून ठेवा, संध्याकाळी पेरा.

ट्रे किंवा टब सहा ते आठ इंच खोल हवा. कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं, आणि म्हणूनच तिचं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर ती रुसते. जिथे पेराल तिथेच वाढवा. फूट-दीड फुटाच्या ट्रेला चहाचे दोन चमचे धणे पुरतात. दोन बोटं अंतराने ओळी काढा, एक सेंटिमीटर खोल बी टाका, वरून मिश्रण भुरभुरवा, तळव्याने हलकंसं दाबा. पाणी फवाऱ्याने द्या. तांब्याने ओतलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होईल. ओल टिकावी म्हणून वर ओलं वर्तमानपत्र झाका.

आठ ते बारा दिवस लागतात. सहाव्या-सातव्या दिवशी धीर सुटतो आणि माणूस उकरून बघतो, ते करू नका. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी कागद काढा, नाहीतर रोपं उजेडासाठी ताणून दोऱ्यासारखी होतात. पहिली दोन पानं लांबट, साधी असतात, कोथिंबिरीसारखी मुळीच दिसत नाहीत. कातरलेली पानं त्यानंतर येतात. रोपं तीन इंचांची झाली की दाट जागची काही कात्रीने जमिनीलगत कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. ती कापलेली कोवळी कोथिंबीर आमटीवर घाला, पहिला मोबदला तोच.

पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत काढणी. बाहेरची मोठी पानं देठासकट कापा, मधला कोंब ठेवा, म्हणजे आणखी दोनदा येते. पानं बडीशेपेसारखी बारीक व्हायला लागली की तिचा काळ झाला. मग मुळासकट काढा आणि देठं वाटणात घाला.

मार्च ते सप्टेंबर त्या ट्रेमध्ये मेथी घ्या. रात्रभर भिजवून दाट पेरली की तीन-चार दिवसांत उगवते, आणि दहा-बारा दिवसांची कोवळी मेथी कोशिंबिरीत किंवा शेंगाच्या चटणीबरोबर भाकरीशी फार छान लागते. पूर्ण भाजीसाठी तीन आठवडे थांबा. ऐन मेमध्ये तिलाही उत्तरेच्या खिडकीत ठेवा.

पुदिना

बी नको. मंडईतून जुडी आणताना जाड, लालसर देठांची निवडा. पाच-सहा काड्या घ्या, प्रत्येकीची पेराच्या, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीच्या, अगदी खाली कापणी करा, खालची पानं काढा, शेंड्याला दोन जोड्या ठेवा. काचेच्या पेल्यात दोन इंच पाणी घालून सावलीत ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला. चार-पाच दिवसांत पेराशी पांढरे ठिपके दिसतात, आठवडा-दहा दिवसांत मुळं इंचभर होतात. लगेच कुंडीत लावा. पाण्यात महिनाभर राहिलेलं मूळ मातीत सहज रुळत नाही.

कुंडी खोल नको, रुंद हवी, दहा-बारा इंचांची. पुदिना जमिनीलगत धावरे, म्हणजे आडव्या धावणाऱ्या फांद्या, सोडत पसरतो, म्हणून त्याला स्वतंत्र घर द्या, दुसरं काही शेजारी लावलंत तर गिळून टाकेल. वीतभर वाढला की प्रत्येक काडी पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. त्या जोडीतून दोन फांद्या फुटतात. नुसती पानं ओरबाडलीत तर काडी उघडी पडते आणि तिथेच थांबते. नवखे पुदिना कापायला घाबरतात, आणि न कापल्यानेच तो विरळ होतो. उन्हाळ्यात त्याला कूलरच्या खोलीत घ्या, दमट हवा त्याला मानवते, फक्त थेट झोतासमोर नको. वर्षातून एकदा, पाऊस सुरू झाला की, सगळा उपसून निम्मी मुळं काढा आणि नव्या मिश्रणात लावा.

पानओवा आणि बाकीची मंडळी

पानओवा म्हणजे जाड, लवदार पानांचा, ज्याची भजी करतात तो. कुणाच्याही घरून वीतभर फांदी आणा, कापलेलं टोक एक दिवस सावलीत सुकू द्या आणि खोचा. झालं. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. पानं मऊ पडून देठ खालून काळा झाला तर पाणी जास्त झालं. वरचा चांगला शेंडा कापून पुन्हा लावा.

लसणाची पात आठवड्याभरात मिळते: मोड आलेल्या पाकळ्या टोक वर करून छोट्या डब्यात खोचा. कढीपत्त्याला मात्र रोज चार-पाच तास थेट ऊन लागतं, तो बाल्कनीचाच. बी ताजं नसेल तर उगवत नाही, म्हणून नर्सरीतून रोप आणा आणि बारा इंचांच्या कुंडीत लावा. आमच्या मजल्यावरच्या अक्का, ज्यांच्या घरी तेलुगू पद्धतीने रोज सांबार आणि चारू होतं, त्यांनी मला सांगितलं की एकेक पान खुडू नये, अख्खा शेंडा मोडावा. तेव्हापासून माझं एका काडीचं झाड चार फांद्यांचं झालं. थंडीत पानगळ झाली तर घाबरू नका, पाणी कमी करा, फेब्रुवारीत पालवी येते. गवती चहाही बाल्कनीतच, मोठ्या कुंडीत. कापताना बुंध्यापासून चार बोटं ठेवा आणि पात्याची धार सांभाळा.

कीड दिसली तर

मिठासारखी बारीक काळी चिलटं मातीवर उडत असतील तर माती सतत ओली आहे एवढंच ते सांगतात. वरचा थर सुकू द्या. कोवळी रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडली तर पेरणी फार दाट झाली किंवा पाणी जास्त झालं. खिडकी उघडून हवा खेळू द्या. उन्हाळ्यात पुदिन्याच्या पानांवर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी आहे, त्याला कोरडी हवा आवडते. पानांची खालची बाजू तीन-चार दिवस रोज पाण्याने धुवा. मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब ढवळून संध्याकाळी फवारा. मग आठवडाभर ती पानं खाऊ नका, आणि नंतरही चोळून धुवून घ्या. खायच्या झाडावर याहून कडक औषध घरात मारू नये असं माझं ठाम मत आहे. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं आणि ते हललं, तर ती फुलपाखराची अळी. दोन-चार असतील तर हाताने काढून खालच्या लिंबाच्या झाडावर सोडा, तिचं तिथेही भागतं.

खत म्हणून महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरे. जास्त खताने पानं मोठी होतात, पण वास कमी होतो.

गावाला जाताना

मे महिन्यात आठ-दहा दिवस घर बंद राहतं आणि परत आल्यावर कुंडीत काटक्या उरतात. त्यावर उपाय प्रत्येक सोलापूरकराच्या कपाटात आहे: फाटलेली जुनी चादर. तिची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी फाडा. खूप धुतलेली, मऊ पडलेली असेल तर उत्तम, कारण ती पाणी पटकन ओढते. नवी कोरी ओढत नाही. पट्टी पूर्ण भिजवा, एक टोक कुंडीच्या मातीत चार बोटं खोल पुरा, दुसरं पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळापर्यंत सोडा. बादली कुंडीपेक्षा किंचित उंच पाटावर ठेवा आणि तिच्यावर झाकण टाका, डासांना जागा नको. कुंड्या खिडकीतून काढून खोलीच्या आत, उजेड येईल पण ऊन येणार नाही अशा ठिकाणी एकत्र ठेवा. पुदिन्याला दोन पट्ट्या लावा. पानओव्याला एकही नको. हे सगळं निघायच्या दोन दिवस आधी जोडून बघा, आणि सकाळी उठल्यावर बोट मातीत खुपसा. चिखल झाला असेल तर बादली खाली घ्या, माती कोरडी असेल तर पट्टी आणखी खोल पुरा.